पदार्थाच्या छायाचित्राची साधी, स्वच्छ मांडणी : काय काढावे, काय ठेवावे

पडद्याआडून

पदार्थांची छायाचित्रे काढायला लागून मला बरीच वर्षे झाली, आणि त्यांतली पहिली काही वर्षे मी निव्वळ वस्तू गोळा करण्यात घालवली. जुने चमचे, लाकडी फळ्या, जाड्याभरड्या कापडाचे तुकडे, वाळलेल्या फुलांच्या काड्या असे कपाटभर सामान जमले होते. त्या काळातली छायाचित्रे आज काढून पाहिली, की चमचे छान दिसतात, कापडाची वीण छान दिसते, आणि मधल्या वाडग्यात नेमके काय आहे हे कळायला मात्र क्षणभर थांबावे लागते. साध्या मांडणीकडे मी वळले ती कोणते तत्त्व पटले म्हणून नव्हे, तर त्या कपाटाला कंटाळून. वळल्यावर लक्षात आले, की वस्तू काढून टाकणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. टेबलावर एकच ताटली उरली, की तिच्या काठावरचा बोटाचा ठसा, मान टाकलेले पान, तेलाचा ओघळ, असे जे जे पूर्वी गर्दीत खपून जात होते ते सगळे समोर येऊन बसते. साध्या मांडणीत काम कमी होत नाही. ते पदार्थ टेबलावर येण्याच्या आधी उरकावे लागते, इतकेच.

माझा क्रम असा आहे. कॅमेरा तिपाईवर बसवून, चौकट पक्की करून, खिडकीवर पातळ पांढरे कापड लावून आणि उजेडाच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करून झाल्याशिवाय मी स्वयंपाकाच्या शेवटच्या टप्प्याला हात घालत नाही. तोवर ताटलीत त्याच आकाराचे आणि साधारण त्याच रंगाचे दुसरे काहीतरी ठेवलेले असते. व्यवसायात ह्याला 'स्टँड-इन' म्हणतात, आणि जो पदार्थ अखेर टिपायचा असतो त्याला 'हीरो'. शब्द सिनेमाच्या सेटवरचे वाटतात, पण घरातल्या टेबलावरही त्यांचा उपयोग तितकाच आहे, कारण पदार्थाचे आयुष्य फार थोडे असते. मीठ-लिंबू लागलेली पाने थोड्याच वेळात पाणी सोडून बसतात, सुपावर साय धरते, भाताचे शीत वाळून कडक दिसू लागते. उजेड कुठून घ्यावा ह्याचा विचार करण्यात ही मिनिटे खर्ची पडली, तर पुढे कितीही सजावट केली तरी ती भरून निघत नाहीत.

उजेडाबद्दल एवढेच सांगते, की तो एकाच दिशेने यावा. ताटली म्हणजे घड्याळाची तबकडी आहे आणि कॅमेरा सहाच्या जागी आहे असे धरले, तर खिडकी नऊ ते अकराच्या दरम्यान असावी. समोरून, म्हणजे कॅमेऱ्याच्याच बाजूने उजेड आला, की सावल्या पदार्थाच्या मागे दडतात आणि सगळे चपटे दिसते. खोलीतले दिवे बंद करावेत. पिवळसर दिव्याचे रंग-तापमान (उजेडाचा पिवळे-निळेपणा मोजायचे माप) 2700 ते 3000 केल्व्हिनच्या आसपास असते आणि दिवसाच्या उजेडाचे साधारण 5500. दोन्ही एकत्र आले, की ताटलीची एक कड पिवळी आणि दुसरी निळसर होते, आणि एक कड सुधारायला जावे तर दुसरी बिघडते.

पांढऱ्या पुठ्ठ्याने सावली उजळते हे बहुतेकांना ठाऊक असते. काळा पुठ्ठा मात्र फार थोडे लोक वापरतात. अंडे, भात, दही अशा पांढऱ्या पदार्थांना सावलीच्या बाजूने काळा पुठ्ठा लावून पाहावा. कडेला एक बारीक गडद रेघ येते आणि पांढऱ्यावर पांढरे असूनही आकार सुटा दिसतो.

नवशिकी

फार उपयुक्त लेखन. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे आणि दोन अडचणी नेहमी येतात. एक म्हणजे ताटलीची पुढची कड अवाढव्य आणि मागची इवलीशी दिसते. दुसरी म्हणजे पांढरी ताटली पांढऱ्या टेबलावर ठेवली, तर छायाचित्रात दोन्ही राखाडी येतात. ताटली धुतलेलीच होती, हे आधीच सांगून ठेवते.

काळी पाटी

दुसऱ्या अडचणीचे उत्तर आधी देतो, कारण ती अडचण कॅमेऱ्याची आहे, तुमची किंवा ताटलीची नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असणार असे गृहीत धरून कॅमेरा उजेडाचा हिशेब करतो. चौकटीत बहुतेक पांढरेच असेल, तर त्याला उजेड जास्त झाला असे वाटते आणि तो चित्र काळवंडवतो. म्हणून अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी घेतला जाणारा उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). मोबाइलमध्ये ताटलीवर बोट दाबून धरले, की बहुतेक फोनांत फोकस आणि एक्स्पोजर जागच्या जागी पक्के होतात, आणि मग सूर्याच्या चिन्हाची पट्टी वर सरकवता येते. फक्त पांढऱ्यातला पोत शिल्लक आहे ना, हे वाढवून पाहावे. भाताची शिते एकमेकांत विरघळून पांढरा डाग झाला असेल, तर जरा मागे यावे. गडद टेबलावर ह्याच्या उलट होते. तिथे कमी करावे लागते.

पहिल्या अडचणीचे कारण अंतर हे आहे. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच रुंद असते, मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण 24 ते 26 मिलिमीटर (हा आकडा जितका लहान, तितके जास्त दृश्य चौकटीत मावते). तिने चौकट भरायची, तर ताटलीला जवळजवळ टेकावे लागते, आणि इतक्या जवळून पाहिले, की पुढचे मोठे व मागचे लहान दिसणारच. दोन पावले मागे जाऊन दुप्पट झूम वापरून पाहा. मोठ्या कॅमेऱ्यावर ह्या कामासाठी 50 मिलिमीटरची किंवा 90-100 मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स लोक वापरतात, त्याचे एक कारण हेच आहे.

मिठाचा खडा

थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल राग नसावा. स्वच्छ मांडणीच्या नावाखाली हल्ली जी छायाचित्रे दिसतात, ती मला एखाद्या भांड्यांच्या सूचिपत्रासारखी वाटतात. पांढरे टेबल, पांढरी बशी, मधोमध एक बिस्किट आणि त्यावर कुणीतरी चिमट्याने ठेवलेले एकच पान. हे कुणी खाणार आहे, असे त्याकडे पाहून वाटतच नाही. माझ्या मते चार चुरे सांडलेले असावेत, चमच्याला काहीतरी लागलेले असावे. अन्न म्हटले, की थोडा पसारा आलाच.

पडद्याआडून

राग कसला, निम्मे मान्यच आहे. चिमट्याने ठेवलेले एकटे पान मलाही सोसत नाही; त्या पानाचा पदार्थाच्या चवीशी काही संबंध असेल तरच ते तिथे असावे.

पण चुऱ्यांबद्दल माझे म्हणणे असे आहे, की प्रत्येक चुऱ्याला तो कुठून पडला हे सांगता आले पाहिजे. पाव कापताना चुरा सुरीच्या पात्यालगत आणि कापलेल्या तोंडाखाली पडतो. मोठे कण जवळ, बारीक कण लांब. चिमटीने भुरभुरवलेला चुरा मात्र सगळीकडे सारखा पसरतो, आणि बघणाऱ्याला कारण कळले नाही तरी त्याला ते खोटे वाटतेच. म्हणून मी चुरा टाकत नाही. दातेरी सुरीने पाव चौकटीतच कापते, जिथे जे पडेल ते पडू देते, आणि मग ओल्या ब्रशने नको असलेले तेवढे उचलते. चमच्याचेही तसेच. चमचा खरोखर एकदा सुपात बुडवून ठेवला, तर त्याच्या टोकाखाली जमणारा थेंब आपोआप योग्य जागी येतो.

साधे म्हणजे निर्जीव नव्हे, ह्याचा मला माहीत असलेला सर्वांत जुना पुरावा एक चित्र आहे. हुआन सांचेझ कोतान ह्या स्पॅनिश चित्रकाराने 1602 च्या सुमारास काढलेले हे चित्र आज अमेरिकेत सॅन डिएगोच्या कलासंग्रहालयात आहे. दगडी खिडकीची चौकट, मागे गडद काळोख, दोऱ्यांनी टांगलेले एक क्विन्स (नासपतीसारखे पिवळे फळ) आणि एक कोबी, खाली कापलेले खरबूज, त्याची एक फोड आणि एक काकडी. एवढेच. वस्तू मोजायला एका हाताची बोटे पुरतात. फोड आणि काकडी कठड्याच्या बाहेर किंचित पुढे आलेल्या आहेत, आणि उजेड एका बाजूने येत असल्यामुळे त्यांच्या सावल्या कठड्यावर पडतात. त्या दोन पुढे आलेल्या टोकांनी सगळे चित्र जागे ठेवले आहे. कोबीची पाने मात्र जशी असतात तशीच, बाहेरची जरा फाकलेली. मांडणी अत्यंत काटेकोर आणि कोबी मोकळा, हे प्रमाण मला फार शिकवून गेले.

अर्धा कप

सुपाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. वाडग्यात भाज्यांचे तुकडे भरपूर असतात, पण छायाचित्रात नुसते तांबडे पाणी दिसते. तुकडे तळाशी जातात. काही जण तळाशी काचेच्या गोट्या टाकतात असे ऐकले आहे. हे चालते का?

काळी पाटी

गोट्यांना इतिहास आहे. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सुपाच्या जाहिरातींत वाडग्याच्या तळाशी पारदर्शक गोट्या घालून भाज्या वर आणल्या होत्या, आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याला हरकत घेतली. हे प्रकरण 1970 मध्ये कंपनीने तो प्रकार बंद करण्याच्या आदेशाला मान्यता देऊन मिटले. हरकत गोट्यांना नव्हती. त्यांच्यामुळे डब्यात आहे त्यापेक्षा जास्त भाजी आहे असे ग्राहकाला वाटते, ह्याला होती.

आपण डबे विकत नाही, त्यामुळे कायद्याचा प्रश्न येत नसेल. पण पाककृती वाचून सूप करणाऱ्याची फसगत व्हायची ती होतेच.

पडद्याआडून

मी गोट्या वापरत नाही, आणि त्याचे कारण नीतीपेक्षा सोय हेच जास्त आहे. उथळ, रुंद वाडगा घेतला, की तेच सूप, तेवढ्याच भाज्या, आणि तुकडे आपोआप पृष्ठभागावर डोकावतात. आधी झाऱ्याने तुकडे काढून वाडग्याच्या मधोमध ढीग करावा, आणि मग पातळ भाग चहाच्या किटलीने किंवा चोच असलेल्या भांड्याने कडेने हळूहळू ओतावा. डावाने वरून ओतले, तर कडांवर शिंतोडे उडतात आणि पृष्ठभागावर बुडबुडे येतात. बुडबुडे आलेच, तर कागदी रुमालाचे टोक टेकवून टिपावेत. कडा पुसायला कापसाचे बोळे लावलेली काडी, आधी किंचित ओली आणि मग कोरडी.

ज्याला उथळ वाडगा मिळेल त्या कुणाचेही सूप असेच दिसेल, एवढी माझी अट आहे. आइसक्रीमऐवजी कुस्करलेला बटाटा, न्याहारीच्या धान्यावर दुधाऐवजी पांढरा गोंद, ह्या जुन्या युक्त्या तापलेल्या स्टुडिओच्या दिव्यांखाली तासन्‌तास काम चालायचे त्या काळातल्या आहेत. खिडकीच्या उजेडात आणि तयारी आधी झालेली असताना त्यांची गरजच उरत नाही. शिवाय गोंदातले धान्य नंतर फेकून द्यावे लागते, ते मला जमत नाही.

हिरवे देठ

माझा प्रश्न रंगाचा आहे. शिजवलेल्या हिरव्या शेंगा ताटलीत येईपर्यंत मळकट होतात. छायाचित्र नंतर संगणकावर सुधारायला गेले, की हिरवा वाढवताना ताटलीही हिरवट होते.

पडद्याआडून

हा रंग भांड्यातच जपावा लागतो. उष्णता आणि आम्ल एकत्र आले, की हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि हिरव्याचा शेवाळी-तपकिरी होतो. शेंगा स्वतःही थोडे आम्ल सोडतात; भांड्यावर झाकण असले, तर ते वाफेबरोबर बाहेर न जाता आतच राहते. म्हणून भरपूर उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता, एक-दोन मिनिटे शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकाव्यात, आणि मग कापडावर पसरून नीट कोरड्या कराव्यात. लिंबू किंवा व्हिनेगर अगदी शेवटी, पहिले चित्र काढून झाल्यावर. कोरड्या करणे विसरू नये. त्यांच्या अंगचे पाणी ताटलीत उतरते आणि उजेडात ते डबके सर्वांत आधी दिसते.

कच्ची पाने मान टाकू लागली असतील, तर ती थंड पाण्यात बुडवून ठेवली, की पेशी पुन्हा पाणी ओढून घेतात आणि पाने ताठ होतात. चिरलेल्या सफरचंदाला लिंबाचा रस लावतात तो मात्र वेगळ्या कारणाने: तिथे हवेतला ऑक्सिजन आणि फळातले विकर (एन्झाइम) मिळून तपकिरी रंग तयार करतात, आणि आम्लाने त्या विकराचे काम मंदावते. म्हणजे जे लिंबू शेंगेचा रंग बिघडवते, तेच सफरचंदाचा रंग राखते.

काठावरचा थेंब

भांड्यांच्या आकाराबद्दल कुणी बोलले नाही. मोठ्या ताटलीत थोडा पदार्थ ठेवला, की तो केविलवाणा दिसतो हा सर्वांचा अनुभव असेल. बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ देल्बफ ह्याने 1865 मध्ये एक दृष्टिभ्रम नोंदवला होता: एकाच मापाच्या दोन वर्तुळांपैकी एकाभोवती जवळून कडे काढले आणि दुसऱ्याभोवती लांबून, तर पहिले मोठे दिसते. ताटलीची कड म्हणजे तेच कडे. म्हणून छायाचित्रासाठी मी जेवणाची ताटली न घेता नेहमी नाश्त्याची लहान बशी घेतो. तीही बिनचकाकीची, कारण चकचकीत बशीत खिडकी, छत आणि छायाचित्रकाराचे नाक असे सगळेच उमटते.

मिठाचा खडा

आणि चमच्यात? माझ्या मागच्या छायाचित्रात चमच्याच्या खोलगटात मी स्वतः उलटा उभा आहे.

काळी पाटी

चमच्याला पोलरायझिंग फिल्टरही फारसा उपयोगी नाही. तो सुपावरची, काचेवरची, तुकतुकीत फळांवरची चकाकी कमी करतो. धातूवरून परतणाऱ्या उजेडावर त्याचा असा परिणाम होत नाही. चमचा थोडा फिरवून पांढऱ्या पुठ्ठ्याकडे तोंड करून ठेवा, म्हणजे त्यात तुमच्याऐवजी पुठ्ठा दिसेल. आरसा जसा उजेड परतवतो त्याच नियमाने हे चालते, त्यामुळे नेमका कोन शोधायला दोन मिनिटे लागतील. नाहीतर चमचा काढूनच टाका. तो तिथे कशासाठी आहे, हा प्रश्नही ह्या धाग्याला धरूनच आहे.

नवशिकी

वर लिहिलेले सगळे वाचून काल एक प्रयोग केला. विषय मुद्दाम अगदी साधा घेतला: उकडलेले एक अंडे, दोन भाग करून, करड्या रंगाच्या लहान बशीत. तीन अंडी वाया गेली. पहिल्याच्या पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे आले, दुसरे सोलतानाच पांढऱ्याचे पोपडे निघाले, आणि तिसरे कापताना बलक सुरीला चिकटून पांढऱ्यावर पसरला. चौथे जमले, पण त्यात बलकावर एक पांढरा चौकोनी डाग आला आहे. तो कसा पुसावा?

पडद्याआडून

तीन अंडी हा काही फार मोठा खर्च नाही. माझ्या पहिल्या वेळी डझन संपले होते.

हिरवे कडे जास्त शिजल्यामुळे येते. पांढऱ्यातून सुटणारा गंधकाचा वायू आणि बलकातले लोह ह्यांचा संयोग होऊन ते तयार होते. उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकले, तर ते येत नाही आणि बलकाचा मधला भाग ओलसर, गडद राहतो, जो छायाचित्रात जास्त चांगला दिसतो. सोलण्यासाठी अगदी ताजी अंडी घेऊ नयेत. आठवडाभर जुन्या अंड्याचे कवच सहज सुटते. कापायला सुरीऐवजी शिवणाचा दोरा घ्या. अंड्याभोवती एक वेढा देऊन दोन्ही टोके ओढली, की स्वच्छ दोन भाग होतात आणि बलक ओघळत नाही. कापल्यावर बलकाचा पृष्ठभाग मिनिटभरात सुकून फिका पडू लागतो, म्हणून सगळी तयारी झाल्यावरच दोरा ओढायचा, आणि अगदी गरज पडली तर ब्रशने पाण्याचा पुसटसा हात फिरवायचा.

आता तो चौकोन. ती तुमची खिडकी आहे. तो पूर्ण घालवू नका, कारण बलक ओला आहे हे बघणाऱ्याला त्या चकाकीवरूनच कळते; ती पुसली, तर मेणाचे अंडे दिसेल. फक्त तो लहान करा. खिडकीचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका, किंवा बशी तिथेच ठेवून अंड्याचा तो अर्धा भाग कॅमेऱ्यापासून किंचित पलीकडे कलवा. त्यासाठी अंड्याच्या पाठीचा एक पातळ काप काढून त्याला बूड करून द्या, म्हणजे ठेवले तिथे स्थिर राहील. कलवताना चौकोन सरकत सरकत बलकाच्या कडेला जाईल. तिथे थांबा आणि चित्र काढा.

नवशिकी

जमले. चौकोन आता नखाएवढा, वरच्या डाव्या कडेला आहे. पाचवे अंडे न्याहारीत गेले.